चावी दिली का? वाचकांचे प्रश्न, नवी पेठेतल्या घड्याळजीची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो, की चावीची घड्याळं अजून दुरुस्त होतात आणि सोलापुरातच होतात. त्यावर संपादकांकडं पत्रांचा गठ्ठा जमला. निम्म्या लोकांना मी थट्टा करतोय असं वाटलं. थट्टा नाही ओ, नवी पेठेत रोज दुकान उघडतो ते त्याच कामासाठी. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही, खरी अडचण होती ती पत्रं निवडली आहेत. 'अमुक घड्याळ आहे, विकलं तर किती येतील' असं विचारणाऱ्यांना मात्र माझ्याकडं उत्तर नाही. तो माझा धंदा नव्हे.

माझ्याकडं देवनागरी आकड्यांचं एचएमटी 'जनता' आहे, नोकरीला लागलो तेव्हा घेतलेलं. रोज सकाळी मोबाईल बघून लावतो, तरी दुसऱ्या दिवशी चाळीसेक सेकंद पुढं. घरातले हसतात. दुरुस्त होईल, की घड्याळाचं वय झालं म्हणायचं?
— गणिताचे निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

गुरुजी, तुमच्याच विषयापासून सुरुवात करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातले ४० चुकले, म्हणजे शंभरपैकी ९९.९५ गुण मिळाले. एखाद्या पोरानं गणितात एवढे मिळवले असते तर तुम्हीच पेढे घेऊन त्याच्या घरी गेला असता.

आता आतलं सांगतो. तुमच्या घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे आतलं मागं-पुढं झोके घेणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतो, सेकंदाला पाच. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार. चाळीस सेकंद पुढं म्हणजे त्यात दोनशे ठोके जास्तीचे पडले. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनू लागली, त्या घराण्यातलं हे १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतले माणकाचे खडे) साधं, दणकट मशीन. वीस-तीस सेकंदांच्या आत राहिलं तर मी त्याला धडधाकट म्हणतो. चाळीस जरा जास्त आहेत, पण ते म्हातारपणाचं लक्षण नव्हे.

माझा उलटा प्रश्न असा, की ते रोज चाळीसच आहेत का? तुम्ही 'चाळीसेक' लिहिलंय, आणि सगळी मेख त्या 'एक'मध्ये आहे. रोज न चुकता ४० सेकंद पुढं जाणारं घड्याळ मला आवडतं. आज वीस पुढं, उद्या पंधरा मागं, परवा बरोबर, असं करणारं आजारी असतं, मग आठवड्याची बेरीज भले शून्य येवो. पहिल्याला मी दहा मिनिटांत ताळ्यावर आणतो. दुसरं पूर्ण उघडावं लागतं.

समुद्रावरच्या लोकांना ही गोष्ट फार आधी कळली होती. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनचं घड्याळ १७६१ साली इंग्लंडहून जमैकाला निघालं ते रेखांश काढण्यासाठी, म्हणजे जहाज पूर्व-पश्चिम कुठं आहे ते ठरवण्यासाठी. विषुववृत्तावर घड्याळ चार सेकंद चुकलं की जहाजाची जागा एक सागरी मैल चुकते. एवढं असूनही पुढं जहाजांवर क्रोनोमीटरं, म्हणजे अशी अचूक घड्याळं आली तेव्हा त्यांचे काटे कुणी रोज हलवत बसत नसे. रोज किती पुढं-मागं जातं ते वहीत लिहायचं आणि हिशेबात तेवढं वजा करायचं, अशी शिस्त होती.

तेव्हा तुम्हीही रोज लावायची सवय आठवडाभर मोडा. सोमवारी सकाळी मोबाईलशी जुळवा. चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नसेल, तर तो बारावर यायची वाट बघा आणि त्या क्षणी मोबाईलमध्ये किती सेकंद झालेत ते लिहून ठेवा. मग काट्यांना हात नाही. रोज सकाळी त्याच वेळेला पूर्ण चावी द्यायची आणि फरक लिहायचा. चावीची वेळ एकच ठेवा, कारण स्प्रिंग भरलेली असते तेव्हा बॅलन्सचा झोका मोठा पडतो, उतरत आली की लहान पडतो आणि चाल बदलते. सकाळी एकदा दिलं, उद्या रात्री दिलं, परवा विसरलो, मग घड्याळाला नावं ठेवली, असं करणारी पुष्कळ गिऱ्हाइकं मी बघितलीत.

आठवड्याचे आकडे एकसारखे आले तर कुठल्याही जाणत्या घड्याळजीकडं जा. बॅलन्सच्या वरच्या पट्टीवर एक बारीक दांडा असतो, त्याच्या बाजूला अधिक-उणेच्या खुणा असतात. तो केसभर उण्याकडं सरकवायचा. बॅलन्सला झोके देणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, म्हणजे हेअरस्प्रिंगची, चालती लांबी तेवढी वाढते आणि चाल मंदावते. घरी हा उद्योग करू नका. चिमटा निसटला तर हेअरस्प्रिंगचाच गुंता होतो, आणि तो सोडवायला मी दांडा सरकवण्याचे पैसे घेत नाही, जास्त घेतो.

अजून एक, घड्याळ रात्री कुठं ठेवता? मोबाईलचं झाकण मॅग्नेटनं बंद होणारं असेल आणि घड्याळ त्याच्यावर झोपत असेल, तर तिथंच शोध संपला. हेअरस्प्रिंगला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, लांबी कमी झाल्यासारखी होते आणि घड्याळ पुढं पळतं, कधी दिवसाला काही मिनिटंसुद्धा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई थरथरली तर समजा. आमच्याकडं चुंबक उतरवायचं यंत्र असतं, घड्याळ न उघडता क्षणभरात काम होतं. ते करून घ्या आणि मगच तो आठवडा मोजायला बसा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. हौसेनं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं, शनिवारी रात्री काढून ठेवतो, सोमवारी बघतो तर बंद. फसवलं का मला?
— एक कारखानदार

नाही मालक. अशा घड्याळाची पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण चाळीस तास पुरते. शनिवारी रात्री ती भरलेली असली तर सोमवारची सकाळ कशीबशी गाठेल. पण तुम्ही दिवसभर खुर्चीत, हात टेबलावर. आतलं अर्धचंद्राकार वजन फिरायला मनगट हललं पाहिजे, त्याशिवाय स्प्रिंग भरणार कशी? मागाभोवती फिरणाऱ्या तुमच्या जॉबरच्या, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याच्या हातात तेच घड्याळ कधी थांबायचं नाही. शनिवारी काढताना चावीला वीस-पंचवीस वेढे द्या. सेको फाइव्हच्या जुन्या मशीनमध्ये हातानं चावी बसत नाही, तसलं असेल तर अलगद डावी-उजवीकडं हलवा, खुळखुळ्यासारखं नको. आणि तारीख बदलायची ती सकाळी चहा पिताना. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारखेची चाकं आपलं काम करत असतात, तेव्हा जबरदस्ती केली की दात मोडतो.

बाबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांचं फावर ल्युबाचं चावीचं घड्याळ कपाटात सापडलं. मिलच्या भोंग्यावर ते घड्याळ लावायचे, हे मला आठवतं. चावी दिली तर दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. एका दुकानात म्हणाले, डायल नवी रंगवून चकाचक करून देतो. भावाचंही म्हणणं, पहिल्यासारखं दिसलं पाहिजे. काय करू?
— एक वाचक, भवानी पेठ

ताई, आधी दोन नकार. आता पुन्हा चावी देऊ नका, आणि डायल रंगवू देऊ नका.

दहा मिनिटं चालून थांबतंय ही चांगली बातमी आहे. स्प्रिंग तुटलेली नाही, बॅलन्स मोडलेला नाही. बहुतेक सगळं अडलंय ते तेलापाशी. घड्याळाला तेल द्यायचं म्हणजे सुईच्या टोकानं, एका ज्वेलला लागतं तेवढं तेल नुसत्या डोळ्याला धड दिसतही नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते उडून तरी जातं, नाहीतर चिकट होऊन पिवळं पडतं. त्यात धूळ मिसळते. बॅलन्सच्या धुऱ्याचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक. सुकलेल्या तेलात तुम्ही हौसेनं रोज दहा-दहा मिनिटं त्याला फिरवलंत तर ते टोक झिजतं. मग नुसत्या सफाईवर भागत नाही, धुरा बदलावा लागतो, आणि फावर ल्युबाचा धुरा आज बाजारात मागितला आणि मिळाला असं होत नाही. ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत घड्याळं विकत होती, आपल्याकडं त्यांची घड्याळं चिकार होती. त्यामुळं जुन्या घड्याळजींच्या डब्यांत सुटे भाग अजून निघतात, एवढाच आधार.

आता ते उघडायचं कसं, ते सांगतो, कारण उघडताना तुम्ही तिथं बसलेलं बरं. मागचं ढक्कन निघालं की मी आधी मशीनकडं बघत नाही. ढक्कन पालथं करतो, भिंग डोळ्याला लावतो आणि ते दिव्याखाली तिरकं धरतो. सरळ धरलं तर काही दिसत नाही. तिरकं केलं की आतल्या चकचकीत पत्र्यावर सुईनं ओढलेल्या रेघा उठून दिसतात. एखादी तारीख, दोन अक्षरं, कसलातरी आकडा. ज्यानं ज्यानं ते घड्याळ धुतलं त्यानं आपली खूण टाकून ठेवलेली असते, म्हणजे पुढच्या वेळी गिऱ्हाईक 'कालच तर दुरुस्त केलं' म्हणत आलं तर वाद नको. आपल्या गावात त्या खुणांत कधी तेलुगू अक्षर निघतं, कधी कानडी आकडा. दर तीन-चार वर्षांनी एक खूण सापडली की समजायचं, घड्याळ जपणाऱ्या माणसाकडं होतं. खुणांचा फोटो काढून घ्या. तुमच्या भावालाही दाखवा.

ढक्कनाच्या कडेला, चावीच्या दांडीपाशी, मिलवाल्यांच्या घड्याळांत राखाडी रंगाची बारीक लव सापडते. कापसाची. खात्यात हवेत उडणारा तंतू कुठूनही आत शिरायचा. माझे वडील ती चिमट्यानं उचलून कागदावर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, 'कताई का विणकाम?' कताईवाल्यांत ती जास्त निघायची.

त्यापुढं काम ठरलेलं. मशीन पूर्ण सुटं करायचं, चाकं धुवायची, ज्वेलची भोकं लाकडाच्या टोकदार काडीनं फिरवून साफ करायची, मेनस्प्रिंग, म्हणजे चावीनं भरते ती स्प्रिंग, तिच्या डब्यातून काढून बघायची, जोडताना तेल. 'नुसता पेट्रोलचा हात मारतो, अर्ध्या तासात घेऊन जा' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून मागा. काम नीट झालं तर दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहायला हरकत नाही. त्याहून जास्त वचन मी तरी देणार नाही.

डायलचं आता. रंगवलेली डायल लांबून झकास दिसते. भिंगाखाली अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, आणि रंग असा, की कंपनीनं कधी केलाच नव्हता. परदेशातले शौकीन अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. हिणवू देत, त्यांच्याशी आपल्याला काय. पण मूळ छपाई एकदा पुसली की कुणालाच परत आणता येत नाही. तुमच्या बाबांनी रोज बघितलेली डायल ती आहे, डागांसकट. भावाला चमक हवी असेल तर काच बदला. जुनी काच प्लॅस्टिकची असते, पॉलिशनंही उजळते. नवा पट्टा घाला. एवढ्यानं घड्याळाचं रूप खुलतं. काट्यांवर किंवा आकड्यांवर जुना, तपकिरी झालेला अंधारात चमकणारा रंग असेल तर तो कुणालाही खरवडू देऊ नका. त्या काळच्या रंगात खरंखुरं रेडियम असायचं, आणि त्याची भुकटी श्वासातून जाणं चांगलं नाही.

माझ्या घड्याळावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' लिहिलंय. चंद्रभागेत स्नान करताना काढावं का?
— पंढरपूर

काढा. ते ३० मीटर म्हणजे कारखान्यात स्थिर दाबाखाली केलेली चाचणी, पोहायची परवानगी नव्हे. हात धुताना पडलेल्या पाण्याला ते भीत नाही, एवढाच अर्थ. चावीचं घड्याळ असेल आणि त्याचं रबर वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर पावसातही खिशात टाका. काचेखाली वाफ धरली तर उन्हात ठेवून 'वाळलं' म्हणू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. गंज रात्रीतून सुरू होतो.

पहिल्या स्टायपेंडमधून मेकॅनिकल घड्याळ घ्यायचंय. बजेट दहा हजारांच्या आसपास. वडील म्हणतात, त्याच्यापेक्षा हजाराचं सेलचं घड्याळ अचूक असतं. खरं आहे का? आणि खरं असेल तर लोक ही घड्याळं का घेतात?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

बाळा, वडील बरोबर आहेत. याच्यावर वाद घालू नकोस, हरशील.

सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलाय. दोनचा पंधरावा घात आहे, पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक उरतो. असलं पहिलं मनगटी घड्याळ सेकोनं टोकियोत २५ डिसेंबर १९६९ ला विकायला काढलं. आपल्याकडं १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं आणि चावीच्या घड्याळाचा काळ फिरला. एचएमटी टिकून राहिली बरीच, पण २०१६ साली केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

आकड्यांत सांगायचं तर साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंद इकडं-तिकडं. तुझ्या बजेटमधल्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत जपानी मशीन असतं, सेकोच्या घरचं एनएच ३५ किंवा सिटिझनच्या घरचं मियोटा ८२ मालिकेतलं. दोन्हींची कागदावरची हमी दिवसाला वीस सेकंद मागं ते चाळीस सेकंद पुढं, एवढी सैल. चाळीस धरलेस तर महिन्याला वीस मिनिटं. ऐंशी पट वाईट! खरं तर यातली बरीच मशीन नीट लावून दिली की दहा-पंधराच्या आत चालतात. हमी सैल आहे कारण लाखांनी बनणारी प्रत्येक वस्तू कुणी हातानं लावत बसत नाही. ते काम माझ्यासारख्याला राहतं.

मग लोक का घेतात? 'वारसा', 'परंपरा' हे जाहिरातीतले शब्द माझ्यासमोर काढू नकोस. मला विचारशील तर कारण एकच, ते दिसतं. मागं काच असलेलं घड्याळ घे आणि एकदा नीट बघत बस. डब्यातली स्प्रिंग उलगडायला बघते, चाकांची रांग ते बळ पुढं नेते, शेवटच्या दातेरी चाकाला पॅलेट नावाचा दोन टोकांचा छोटा आकडा एकेक दात सोडू देतो, आणि तो कधी सोडायचा हे बॅलन्स ठरवतो. कानाशी येणारी टिकटिक म्हणजे त्या दातांवर आपटणारे माणकाचे दोन खडे. सगळं कारण-कार्य डोळ्यासमोर. तू अभियांत्रिकीचा आहेस, तुला आणखी काय सांगू? सेलचं घड्याळ चुकायला लागलं की मीसुद्धा आत काय झालं ते डोळ्यानं सांगू शकत नाही, अख्खं सर्किट बदलतो. चावीचं चुकलं तर कुठं आणि का ते सापडतं, आणि सापडलं की हातानं नीट करता येतं.

घेताना दोन गोष्टी सांभाळ. ऑनलाइन पाच-सहा हजारात झगझगीत रंगाची 'जुनी स्विस' घड्याळं दिसतील, ती वर सांगितलेल्या रंगवलेल्या डायलच्या जातीची. आणि डायलला भोक पाडून बॅलन्स दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांवर 'टूर्बियॉन' लिहिलेलं असेल तर हसून पुढं जा. टूर्बियॉन म्हणजे बॅलन्ससकट सगळा ठोक्यांचा भाग एका पिंजऱ्यात बसवून गोल फिरवायचा. ब्रेगे नावाच्या घड्याळजीनं १८०१ साली त्याचं पेटंट घेतलं ते खिशात दिवसभर उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट तसंही दिवसभर हलतंच. तिथं ती कारागिरीची हौस आहे, गरज नाही, आणि खरी कारागिरी असल्या किमतीत बसत नाही.

आजी म्हणते, सूर्य डोक्यावर आला की बारा वाजतात. मी अंगणात काठी रोवली. बारा वाजता सावली सगळ्यांत लहान नव्हती, नंतर अजून लहान झाली. आमचं घड्याळ मागं-पुढं आहे का?
— इयत्ता सातवी, होटगी रोड

घड्याळ बरोबर आहे आणि आजीही बरोबर आहे. दोघांचे बारा वेगळे आहेत. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते, तो प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जातो. सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर, म्हणजे बरंच पश्चिमेला. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. गुणाकार कर, सव्वीस मिनिटं येतात. सोलापूरचा सूर्य सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी माथ्यावर येतो. त्यातही वर्षभर थोडी ओढाताण असते, कारण पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगानं फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:१० ला येतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४० ला.

पूर्वी गावोगावची वेळ अशी सूर्यावरच असायची. सगळ्या देशासाठी एक वेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईनं हट्ट धरून स्वतःची वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालवली, ३९ मिनिटं मागं.

११ मेच्या आसपास काठी पुन्हा रोव. त्या दिवसांत सोलापुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही तसंच होतं, पण तेव्हा ढग असतात. काठी सरळ उभी आहे की नाही ते गवंड्याच्या ओळंब्यानं बघ, आणि टोपी घालून उभी राहा.

क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र असलेलं महागडं स्विस घड्याळ घेतलं. पहिले काही दिवस बघितलं तर रोज सात-आठ सेकंद पुढं. प्रमाणपत्रात सहाची मर्यादा आहे म्हणे. कंपनीला परत पाठवू का?
— बँक कर्मचारी, बार्शी

साहेब, थांबा जरा. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेची अट अशी, की मशीनची सरासरी चाल दिवसाला चार सेकंद मागं ते सहा सेकंद पुढं यांच्यामध्ये हवी. पण ती चाचणी पंधरा दिवस प्रयोगशाळेत होते, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ आणि ३८ अंश या तीन तापमानांत. ३८ अंश त्यांना कडक उन्हाळा वाटत असावा. आपल्याकडं मार्च संपता संपता तेवढं होतं! तरी उष्णतेला आता घाबरायचं कारण नाही. जुन्या साध्या पोलादी हेअरस्प्रिंगची चाल अंशाला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंद हलायची. मिश्रधातूंवरच्या ज्या संशोधनानं हे आटोक्यात आलं, त्यासाठी शार्ल गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या घड्याळातली स्प्रिंग त्याच वंशातली.

सांगायचं हे, की त्या पंधरा दिवसांत घड्याळ तुमच्या मनगटावर नव्हतं. तुम्ही ते रात्री कसं ठेवता, त्यावर तुमचे दोन-तीन सेकंद अवलंबून आहेत. आडवं ठेवलं की बॅलन्स धुऱ्याच्या टोकावर फिरतो, घर्षण कमी, झोका मोठा. उभं ठेवलं की धुऱ्याची कड घासते, झोका लहान. दोन्हींत चाल थोडी वेगळी पडते. प्रत्येक घड्याळाचं हे गणित वेगळं असतं, त्यामुळं छापील सल्ला कामाचा नाही.

असं करा. चार-पाच रात्री डायल वर करून ठेवा आणि रोज सकाळी फरक लिहा. पुढच्या चार-पाच रात्री चावी वरच्या बाजूला येईल असं उभं टेकवा. मग चावी खाली. दिवसा जेवढं पुढं गेलं तेवढं रात्री मागं आणणारी स्थिती बहुतेक वेळा सापडते, आणि ती सापडली की स्क्रूड्रायव्हरला हात लावायची वेळच येत नाही. घड्याळ चार्जिंगला लावलेल्या मोबाईलपासून आणि स्पीकरपासून हातभर लांब असू द्या. एवढं करूनही आकडा सातच्या खाली येईना, किंवा रोजचा आकडा उड्या मारायला लागला, तर वॉरंटीचा कागद काढा. लिहिलेली वहीही सोबत पाठवा.